दलाल, मापारी आणि अभिकर्ता : स्थावराच्या व्यवहारातील दोन परवान्यांची चिकित्सा

वाशीम जिल्ह्यातील मालेगावचा निर्देश करताना नावाला काही तरी जोडावे लागते. पणन मंडळाच्या भावपत्रकात ते ‘मालेगाव (वाशिम)’ होते. जुन्या व्यवहारात, आणि आता समृद्धी महामार्गावरील इंटरचेंजच्या नावात, ते ‘मालेगाव जहांगीर’ असते. नाशिक जिल्ह्यातील त्याच नावाचे शहर मोठे, म्हणून लहान गावाने विशेषण पत्करले. विशेषणाचे कार्य व्यावर्तनाचे असते. ते शब्दांची संख्या वाढविते, पण अर्थाचे क्षेत्र घटविते. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात मध्यस्थी करणाऱ्यास व तिचे मोल ठरविणाऱ्यास प्रशिक्षण, परीक्षा आणि नोंदणी सक्तीची करणारे जे कायदे गेल्या दशकात आले, त्यांचे परीक्षण व्याकरणाच्या ह्या साध्या नियमाने करता येण्याजोगे आहे. त्यांतील नामे उदार आहेत, विशेषणे मात्र कृपण आहेत. मालेगावसारख्या तालुक्याच्या गावी ज्या सौद्यात कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी गुंतलेली असते, तो सौदा ह्या विशेषणांमुळेच परवान्याच्या कक्षेबाहेर राहिला आहे.

मालेगावच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात सोयाबीन वा तूर घेऊन आलेला शेतकरी आपला माल ज्याच्या ज्याच्या हाती सोपवितो, तो प्रत्येक जण परवानाधारक असावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याने व्यापारी, अडत्या, दलाल, तोलणारा, मापणारा, वखारवाला, इतकेच नव्हे तर सर्वेक्षक, ह्यांपैकी कोणासही परवान्यावाचून बाजारक्षेत्रात काम करण्यास मनाई केली. पोत्यामागे पावशेर इकडेतिकडे झाले तरी दाद मागण्यास जागा आहे. परंतु तोच शेतकरी ज्या वावरात ते सोयाबीन पिकले ते वावरच विकावयास निघाला, तर दाराशी येणाऱ्या मध्यस्थाने कोणते शिक्षण घेतले आहे, कोणत्या वहीत त्याचे नाव आहे, हे विचारण्याची सोय कोणत्याच कायद्यात नाही. एका हंगामाच्या पिकाच्या दलालास परवाना लागतो. तीन पिढ्यांच्या जमिनीच्या दलालास लागत नाही.

ह्या विसंगतीस वऱ्हाडात विशेष धार आहे, आणि ती इतिहासामुळे आलेली आहे. आज वाशीम जिल्ह्यात मोडणाऱ्या कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये १८८६ मध्ये सुरू झालेला कापसाचा बाजार हा भारतातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. वऱ्हाडचा मुलूख त्या वेळी नावाने निजामाचा व कारभाराने इंग्रजांचा होता. त्याच शतकात पुढे वऱ्हाडापुरता कापूस व धान्य बाजारांचा कायदाही झाला. त्यामागे कुणब्याचा कळवळा होता असे समजण्याचे कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस वाजवी भावात हवा होता. हेतू कोणताही असो, बाजाराच्या नियमनातून जे तत्त्व रूढ झाले ते मोलाचे होते. सौदा जुळविणारा आणि माल मोजणारा असे दोन वेगळे धंदे ओळखून दोघांनाही एकाच समितीच्या देखरेखीखाली आणावयाचे, दोघांची नावे लोकांना ठाऊक असावयाची, आणि रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची चाल मोडून उघड लिलाव करावयाचा. देशात इतरत्र हे रुजण्यापूर्वी ते वऱ्हाडात रुजले.

स्थावराच्या व्यवहारातही नेमकी हीच जोडी आहे. सौदा जुळविणारा तो दलाल, म्हणजे कायद्याच्या भाषेतील अभिकर्ता. मोल मोजणारा तो मूल्यनिर्धारक, म्हणजे जमिनीचा मापारी. फरक इतकाच की येथे दोघांस दोन निरनिराळ्या कायद्यांनी, दोन निरनिराळ्या हेतूंनी, एकमेकांची दखल न घेता परवाना दिला, आणि शेतकऱ्याचे वावर दोहोंच्या मधल्या फटीत राहिले.

प्रथम अभिकर्त्याचा विचार करू. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला व १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला. महाराष्ट्रातील नियामक प्राधिकरण, ज्यास सर्वजण ‘महारेरा’ म्हणतात, ते त्याच वर्षी मार्चमध्ये अस्तित्वात आले. अधिनियमाच्या ९ व्या कलमाने अभिकर्त्यास नोंदणी सक्तीची केली. महाराष्ट्राच्या नियमांनी व्यक्तीसाठी दहा हजार व संस्थेसाठी एक लाख रुपये शुल्क ठेवले आणि नोंदणीची मुदत पाच वर्षे ठरविली. नोंदणीवाचून काम केल्यास दररोज दहा हजार रुपये, आणि एकंदरीत मालमत्तेच्या किमतीच्या शेकडा पाचपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि नोंदणी म्हणजे विद्या नव्हे, हे प्राधिकरणाच्या ध्यानी आले. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने सुमारे वीस तासांचे प्रशिक्षण व त्यानंतरची परीक्षा आवश्यक करण्यात आली. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. ४२३ उमेदवारांपैकी ४०५ उत्तीर्ण झाले. मुदती दोनदा वाढल्या, आणि २०२४ मध्ये प्रमाणपत्र न मिळविलेल्या सुमारे वीस हजार अभिकर्त्यांची नोंदणी स्थगित झाली. ज्या धंद्यात आजवर एक मोबाइल व दोन ओळखी एवढीच पात्रता लागत असे, त्या धंद्यात एवढे घडावे ही सामान्य गोष्ट नव्हे. पहिल्याच परीक्षेत शेकडा पंचाण्णवांहून अधिक उत्तीर्ण व्हावेत ह्यावरून चाळणीची छिद्रे मोठी होती असे कोणी म्हणेल. परंतु प्रारंभी येणारे उमेदवार बहुधा तयारीचेच असतात हेही ध्यानात घेतले पाहिजे. आक्षेप परीक्षेच्या काठिण्याविषयी नाही. परीक्षा कोणाची घेतली जाते, हा प्रश्न आहे.

अधिनियमातील ‘अभिकर्ता’ची व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने मुळातून वाचावी अशी आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलणी करणारा, मोबदला घेणारा, कोणत्याही माध्यमातून ग्राहक व विक्रेता ह्यांची गाठ घालून देणारा, मालमत्तेचा व्यापारी, दलाल, मध्यस्थ, मग त्यास कोणत्याही नावाने संबोधा, तो अभिकर्ता होय. कायदा येथे नावांविषयी पूर्ण उदासीन आहे, आणि ते योग्यच आहे; नाव बदलून निसटण्याची वाट त्याने बंद केली. परंतु हा उदारपणा कर्त्यापुरता आहे. कर्माकडे वळताच व्याख्या आखडते. व्यवहार असावयाचा तो ‘भूखंड, सदनिका वा इमारत’ ह्यांचा, तोही ‘स्थावर संपदा प्रकल्पातील’. ९ व्या कलमात त्यावर आणखी दोन बंधने येतात, प्रकल्प नोंदणीस पात्र असावा आणि तो नियोजन क्षेत्रात असावा. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या वा आठ सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पास मुळी नोंदणीच नको. कर्त्याला नावे अनंत, कर्माला विशेषणे चार. जुन्या घराची एका मालकाकडून दुसऱ्याकडे होणारी विक्री, गावठाणातील वाडा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेतजमीन, ही सारी ह्या चार विशेषणांच्या पलीकडे राहतात. मालेगावात नगरपंचायत आहे, तेथे रीतसर लेआउट पडतात, त्यांतील भूखंड विकणाऱ्यास कायदा लागू होतो. हे मान्यच आहे. पण तालुक्यातील जमिनीच्या उलाढालीचा तो एक कोपरा होय.

येथे शब्दांकडे थोडे अधिक लक्ष द्यावयास हवे, कारण परवान्याचा प्रश्न शेवटी ‘हा माणूस कोणाचा?’ ह्या प्रश्नापाशी येतो. मराठीत त्याच्यासाठी तीन शब्द आहेत आणि ते तीन वेगवेगळ्या जागा दाखवितात. ‘दलाल’ हा अरबी शब्द. त्याचा धातू वाट दाखविणे, खूण करणे ह्या अर्थाचा आहे, आणि ‘दलील’ हा पुरावा वा युक्तिवाद ह्या अर्थाचा शब्द त्याच धातूचा. म्हणजे दलाल मुळात दाखविणारा. माल कोठे आहे व गिऱ्हाईक कोठे आहे हे ठाऊक असलेला. ‘मध्यस्थ’ हा मध्ये उभा राहणारा; सोयरिकीत, भांडणात, वाटणीत गावाला त्याची गरज पडते, आणि दोन्ही बाजूंचा विश्वास ही त्याची पात्रता. ‘अभिकर्ता’ हा शब्द संस्कृत घडणीचा, राज्यकारभाराच्या मराठीत ‘एजंट’साठी स्थिरावलेला. त्यात एका मालकाच्या वतीने करणारा हा अर्थ गृहीत आहे. १८७२ च्या करार कायद्यातील कर्तव्यांची सारी मांडणी त्या एका मालकाभोवती आहे. दाखविणारा, मध्ये उभा राहणारा आणि एका बाजूचा होऊन करणारा, ह्या तीन भूमिका आहेत. २०१६ च्या व्याख्येने तिघांनाही एकाच नावाखाली गोळा केले. दहाव्या कलमाने त्याची कर्तव्ये सांगितली, म्हणजे हिशेब ठेवावेत, खोटी भलावण करू नये, ग्राहकास कागदपत्रे मिळवून द्यावीत. परंतु दोन्हीकडून दलाली घेणारा हा कोणाचा अभिकर्ता, हे मात्र सांगितले नाही.

‘दलाल’ ह्या शब्दास मराठीत हीनत्व आले आहे. राजकीय सभांतून तो शिवीसारखा वापरला जातो. त्याउलट ‘अडत्या’ ह्या शब्दाचे तसे झाले नाही. अर्थपरिवर्तनाच्या अभ्यासकास हा फरक विचारात पाडणारा वाटावा. काम जवळजवळ एकच. पण एकाला बाजारात जागा, दुकानावर पाटी व समितीचा परवाना आहे, दुसरा चहाच्या टपरीवर भेटतो. शब्दाची प्रतिष्ठा धंद्याच्या दृश्यतेमागून गेली असे अनुमान केल्यास ते फार धाडसाचे होणार नाही. निदान ‘दलाल’ पुसून ‘अभिकर्ता’ लिहिल्याने प्रतिष्ठा येते, ही समजूत तरी भाषेच्या इतिहासास धरून नाही.

वऱ्हाडी बोलीत शेताला ‘वावर’ म्हणतात. कायद्यातील ‘भूखंड’ आणि बोलीतील ‘वावर’ ह्या दोन शब्दांमधील अंतर हेच ह्या धंद्याचे खरे क्षेत्र आहे. वावर एकराने विकले जाते, प्लॉट चौरस फुटाने. रस्त्याकडेचे वावर ज्या दिवशी फुटाच्या हिशेबात बोलले जाऊ लागते, त्या दिवशी त्याचा भाव बदलतो. अकोला–वाशीम–हिंगोली राष्ट्रीय महामार्ग ज्या गावावरून जातो आणि समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाल्यापासून ज्याच्या हद्दीजवळ वाहने उतरतात, त्या गावी ही भाषांतराची क्रिया वेगाने होते. नोंदणीकृत अभिकर्ता दृश्यात येतो तो भाषांतर पुरे झाल्यानंतर, जेव्हा प्लॉट पाडले गेले, प्रकल्पास क्रमांक मिळाला. त्यापूर्वीचा सारा कारभार, म्हणजे शेतकऱ्याकडून वावर कोणत्या भावाने सुटले, त्यास पुढचा बेत सांगितला होता की नाही, हा परवान्यावाचून चालतो. पाठीमागे तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आहे, गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जागा नियमित करण्याचा २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. त्याची मुदत २०२१ मध्ये दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंत पुढे सरकविण्यात आली. आधी विक्री, मग नियमितीकरण हा क्रम पडून गेला, आणि तो पाडण्यात कोणत्या मध्यस्थांचा हात होता ह्याची कोठे नोंद नाही.

त्यातही एक प्रकार व्याख्येच्या हाती मुळीच लागत नाही. पुष्कळदा मध्यस्थ स्वतःच इसार देतो, इसारपावती आपल्या वा आपल्या माणसाच्या नावे करून घेतो, खरेदीखतासाठी चार-सहा महिन्यांची मुदत ठेवतो आणि त्या अवधीत दुसरे गिऱ्हाईक पाहून खरेदीखत परस्पर त्याच्या नावे लावून देतो. मधला फरक त्याचा. असा मनुष्य कोणाचाच अभिकर्ता नसतो. कागदावर तो खरेदीदार आहे, आणि दलाली म्हणून त्याने एक पैसाही घेतलेला नाही. लोक मात्र त्यास दलालच म्हणतात. येथे बोली कायद्यापेक्षा अचूक ठरते.

मालेगाव तालुक्यात जमिनीचा सौदा जुळविणाऱ्यास कोणती विद्या अवश्य आहे, हे पाहिले म्हणजे वीस तासांच्या अभ्यासक्रमाचा रोख कळतो. त्या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे प्रकल्प-नोंदणी, जाहिरात, चटई क्षेत्र, वाटपपत्र, विक्रीकरार. सातबाऱ्याचा उल्लेख तेथे आलाच तर तो प्रकल्पाच्या जागेचा हक्क तपासण्यापुरता. वावराच्या सौद्यात सातबारा हाच आरंभ आणि शेवट असतो. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, हा एक आकडा चुकीचा वाचला तर हस्तांतरणास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते हे विसारानंतर कळते. आदिवासी खातेदाराच्या जमिनीस महसूल संहितेच्या ३६-अ कलमाचे बंधन आहे. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकण्याचा निर्बंध पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमात आहे. विदर्भासाठी मात्र १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तेथे तो ८९ व्या कलमात येतो. पुण्यामुंबईकडील अनुभवावर बेतलेल्या पाठात पहिले कलम हमखास सापडेल, दुसरे सापडेलच असे नाही. ह्याशिवाय वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात असल्यामुळे त्या काळच्या कागदांत १९५४ च्या महसूल संहितेतील ‘भूमिस्वामी’ व ‘भूमिधारी’ असे शब्द येतात. दोहोंत भूमी आहे, पण विकण्याचे अधिकार सारखे नव्हते. दोन शब्दांमधील भेद न कळणारा मध्यस्थ जुना दस्त वाचू शकत नाही. निवृत्त तलाठ्याला किंवा दस्तलेखकाला हे सारे तोंडपाठ असते. त्यास कोणी परीक्षार्थी म्हणून बोलाविलेले नाही.

आता मापाऱ्याकडे वळावयाचे. १९५७ च्या संपत्ती कर कायद्यात १९७२ च्या दुरुस्तीने मूल्यनिर्धारकांच्या नोंदणीची तरतूद आली. तिच्या नियमांत एक गोष्ट फार विचारपूर्वक केलेली होती. इमारती व इतर स्थावर ह्यांचा मूल्यनिर्धारक वेगळा आणि शेतजमिनीचा वेगळा. शेतजमिनीसाठी पात्रता दोन मार्गांनी येत असे : कृषिशास्त्राची पदवी व शेताचे मोल ठरविण्याचा पाच वर्षांचा अनुभव, किंवा उपजिल्हाधिकारी, जमाबंदी अधिकारी, भूमी अभिलेख अधीक्षक अशा पदांवरची सेवा. जमिनीचा कस जाणणारा अथवा जमिनीचे कागद जाणणारा, अशी ती विभागणी होती. २०१५ च्या वित्त अधिनियमाने संपत्ती कर गेला. ती नोंदवही आयकराच्या कामासाठी मागे उरली.

२०१३ च्या कंपनी कायद्याचे २४७ वे कलम आणि त्याखालील ऑक्टोबर २०१७ चे नियम ह्यांनी नवी व्यवस्था आणली. तिची देखरेख नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे गेली. मालमत्तेचे मोल ठरविणाऱ्याची नोंद नादारीच्या दप्तरी व्हावी ह्यात शब्दांचा थोडा विनोद आहे, पण तो असो. किमान पन्नास तासांचा पाठ्यक्रम, मान्यताप्राप्त संघटनेचे सदस्यत्व, शेकडा साठ गुणांची परीक्षा, अशी ही रचना अभिकर्त्याच्या मानाने पुष्कळ कडक आहे. परंतु ‘जमीन व इमारत’ असा एकच वर्ग करून त्याची पात्रता स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र वा नगररचना ह्या पदव्यांशी जोडण्यात आली. जुन्या नियमातील कृषिपदवीधर आणि महसूल अधिकारी दोघेही ह्या वर्गाच्या दाराबाहेर राहिले. ‘जमीन व इमारत’ ह्या समासात पूर्वपद केवळ शोभेला उरले असे म्हणावे लागते. काळ्या कसदार रानाचे आणि मुरमाड बरडाचे मोल वेगळे का, विहिरीला चैत्रात पाणी असते की नाही, ह्या प्रश्नांची उत्तरे पूल बांधण्याच्या शास्त्रात नसतात. शिवाय ह्या मूल्यनिर्धारकाचा अहवाल कंपनीस व नादारीच्या कामास लागतो, तसाच मूल्यनिर्धारक बँकेच्या कर्जासाठी पुढे येतो; सौद्यास बसलेला शेतकरी त्यास बोलावीत नाही, आणि बोलावण्याइतके शुल्क त्यास परवडतही नाही.

मग मालेगावात मोल ठरवितो कोण? बोलीत ह्यासाठी तीन शब्द आहेत. ‘भाव’ हा एकराचा वा फुटाचा, चालू असलेला. ‘किंमत’ म्हणजे ह्या एका सौद्यात ठरलेली रक्कम. आणि ‘मूल्य’ हे फक्त कागदावर भेटते, मुद्रांक कार्यालयातील वार्षिक दरतक्त्यात ‘बाजारमूल्य’ म्हणून. ह्या तक्त्यास सर्वजण ‘रेडी रेकनर’ म्हणतात. लोक त्यास ‘सरकारी भाव’ असेही म्हणतात. त्या विशेषणातच बाहेर आणखी एक भाव आहे ही कबुली असते. चालू भाव सांगतो तो दलाल. म्हणजे कायद्याने जे दोन धंदे वेगळे केले, जुळविणे व मोजणे, ते येथे एकाच माणसाच्या ठायी एकवटले आहेत, आणि मोजमापाचा लाभ जुळविणाऱ्यासच मिळतो. बाजार समितीत अडत्याच जर काटा धरून बसला तर ते कोणी चालवून घेणार नाही.

येथवरचा दोष खाजगी व्यवहाराचा आहे असे म्हणता येईल. पण तो तेथेच थांबत नाही. खरेदीखतात कोणती रक्कम लिहावी ह्याविषयीचा सल्लाही बहुधा मध्यस्थच देतो, आणि मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी सरकारी भावाच्या आसपासची रक्कम लिहिण्याचा प्रघात सर्वश्रुत आहे. तो दस्त नोंदला जातो व विसरला जातो. पुढे रस्त्यासाठी वा तलावासाठी भूसंपादन निघते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे २६ वे कलम बाजारमूल्य ठरविताना मुद्रांकाचा दर आणि आधीच्या तीन वर्षांतील शेजारच्या खरेदीखतांपैकी अधिक किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी ह्यांची तुलना करून अधिक असेल ते घेण्यास सांगते. समृद्धी महामार्गासाठी जमिनी मुख्यतः थेट खरेदीने घेण्यात आल्या. तेथेही ह्याच मूळ आकड्याची ग्रामीण भागासाठी दुप्पट, तितकाच दिलासा आणि त्यावर शेकडा पंचवीस वाढ, असा पाचपटीचा हिशेब झाला. पाचपट मोठीच, परंतु पाचपट कशाची? ज्या गावातील खते कमी रकमांची, त्या गावाचा मूळ आकडा कमी, आणि पाचाने गुणल्यावर उणीवही पाचपट होते. शेजाऱ्याने आपल्या सौद्यात वाचविलेले मुद्रांक शुल्क दुसऱ्याच शेतकऱ्याच्या मोबदल्यातून वजा झाले, असा त्याचा अर्थ होतो. परवाना नसलेल्या माणसाने टपरीवर दिलेला सल्ला अशा रीतीने सरकारी मूल्यनिर्धारणाचा पुरावा, म्हणजेच दलील, बनतो. दलाल आणि दलील ह्यांचे नाते एवढे शब्दशः खरे ठरावे ही इष्टापत्ती नव्हे.

परदेशी उदाहरणे ह्या बाबतीत सरसकट मार्गदर्शक नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी १९१९ च्या सुमारासच मालमत्तेच्या दलालांस परवाना लावला, आणि तो नव्या प्रकल्पांपुरता ठेवला नाही. मूल्यनिर्धारकांची सक्तीची व्यवस्था मात्र बचत-कर्ज संस्था कोसळल्यावर १९८९ च्या संघीय कायद्याने आली, म्हणजे सावकाराच्या रक्षणासाठी. इंग्लंडने १९७९ च्या कायद्यात उलट मार्ग धरला : धंदा कोणीही करावा, गैरवर्तन केल्यास त्यास मनाई करावी. दलालाच्या किमान विद्येविषयीचे कलम त्या कायद्यात लिहिले गेले, पण ते अमलात न आणता तसेच पडून राहिले.

विरुद्ध बाजूने एक आक्षेप घेण्यासारखा आहे व तो वजनदार आहे. गावातील सौदा जुळविणारा हा पुष्कळदा नात्यातला, शेजारचा, वर्षातून एखादा व्यवहार करणारा असतो; शेकडा एक-दोन दलाली घेणाऱ्या अशा माणसावर दहा हजारांचे शुल्क व परीक्षा लादली तर तो परवाना घेणार नाही, केवळ अधिक लपेल, आणि धंदा जिल्ह्याच्या ठिकाणच्या दोन-चार मोठ्या कार्यालयांच्या हाती जाईल. परवान्याच्या नावाखाली मक्तेदारी उभी राहते हा अनुभव अनेक धंद्यांत आलेला आहे. ह्या आक्षेपाचे उत्तर मुंबईच्या प्राधिकरणाच्या नमुन्यात नाही, कारण तो नमुना बांधकाम व्यावसायिकाभोवती रचलेला आहे. ते बाजार समितीच्या नमुन्यात असू शकते. मापाऱ्याचा परवाना स्थानिक, थोड्या शुल्काचा व नूतनीकरणाचा असतो. त्यास ओळखणारे लोकच समितीवर बसतात, आणि तक्रार ऐकण्यास कोणास मुंबई गाठावी लागत नाही. अर्थात बाजार समित्यांचे दोष सर्वांस माहीत आहेत. परवाने वाटण्यात पक्ष व नाती येतात, अडत्यांचेच वजन वाढते. जमिनीच्या बाबतीत हा धोका अधिक मोठा असेल, हे लपविण्यात अर्थ नाही. तरीही नाव नसलेल्या मध्यस्थापेक्षा पाटीवर नाव असलेला मध्यस्थ पत्करण्याजोगा, एवढे तरी कारंजाच्या बाजाराने दाखवून दिले होते.

प्रशिक्षणाच्या बाबतीत तर नव्या कायद्याची वाटही पाहण्याचे कारण नाही. दुय्यम निबंधकासमोर खत नोंदविताना साक्षीदारांची नावे घेतली जातात. सौदा कोणी जुळविला आणि त्याने कोणाकडून किती घेतले, असा एक रकाना दस्ताबरोबरच्या माहितीत वाढविता आला, तर मालेगाव तालुक्यात हा धंदा कोण करतो ह्याची पहिली यादी दोन वर्षांत आपोआप तयार होईल. त्या यादीतील माणसांना काय शिकवावयाचे, हे तिच्यावरून ठरविता येईल : वर्ग २ म्हणजे काय, फेरफार प्रलंबित असताना इसार का घेऊ नये, कलम ८९, मोजणीचा नकाशा आणि बांधावरची वहिवाट ह्यांत अंतर पडल्यास काय करावे, आणि खतात कमी लिहिलेली रक्कम पुढे कोणाच्या पदरी येते. पाठ मराठीत हवेत हे उघड आहे. पण मराठी म्हणजे ‘अभिकर्त्याने वाटपग्राहीस अनुज्ञेय दस्तऐवज उपलब्ध करून देणे’ अशी नव्हे. ज्या बोलीत वावराचा सौदा होतो तिच्यात ह्या सर्व गोष्टींना शब्द आहेत. ‘इसार’, ‘ताबा’, ‘बांध’, ‘हिस्सा’, ‘बोजा’, ‘वहिवाट’ हे शब्द मालेगावच्या तहसील कार्यालयाच्या आवारात बसलेला अर्जनवीस दिवसभर लिहीत असतो.